धावपट्टी, कोन आणि घड्याळ

ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर एका वेळी एकच गाडी धावते. शर्यत शेजारच्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. शंकरपट पाहत मोठ्या झालेल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. बैलजोडी सुटते, ठरलेलं अंतर कापते, किती सेकंद पडले ते भोंग्यावरून पुकारलं जातं आणि सगळ्यात कमी सेकंदांची जोडी नंबर घेऊन जाते. फरक एवढाच, की पट सरळ पळवतात आणि ऑटोक्रॉसमध्ये सरळ असं जवळजवळ काही नसतंच. प्लास्टिकचे नारिंगी शंकू, म्हणजे कोन, मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. त्या वाटेने, एकही कोन न पाडता, कमीत कमी वेळात बाहेर पडायचं.

गाडी कोणती? बहुतेकदा तीच, जिच्यातून आपण सोमवारी कामावर जातो. मारुती ८००, झेन, एस्टीम, आता आल्टो किंवा स्विफ्ट. म्हणूनच हा हौशी माणसाचा खेळ आहे. सर्किटवरच्या शर्यतीसाठी खास गाडी, पिंजरा, टायरांचे संच, मेकॅनिकांचा ताफा असं सगळं लागतं. इथे हेल्मेट, धडधाकट गाडी आणि एक मोकळी जागा पुरते.

ती मोकळी जागा हाच सगळ्यात कठीण भाग. जमीन सपाट हवी, टणक हवी, आजूबाजूला झाड, खांब, भिंत, नाली काही नको, आणि वस्तीपासून लांब हवी. अशी जागा माणूस मुद्दाम क्वचितच बांधतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र ती शेकड्यांनी बांधली गेली. १९४२ नंतर ब्रिटिश हवाई दलाने बॉम्बर विमानांसाठी जे तळ उभारले त्यांचा नमुना ठरलेला होता: एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, मोठी सुमारे १८०० मीटर, इतर दोन सुमारे १३०० मीटर, रुंदी ४५ मीटरच्या आसपास, आणि सगळ्यांना वळसा घालणारा एक रस्ता. धावपट्ट्या तीन अशासाठी, की वारा कुठूनही आला तरी विमानाला त्याला सामोरं जाऊन उडता यावं. युद्ध संपलं, विमानं गेली आणि हे काँक्रीट रिकामं राहिलं. घरी गाडी असलेल्या तरुणांना ते सापडायला वेळ लागला नाही. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन म्हणजे १९४३ चा वेलिंग्टन बॉम्बरच्या प्रशिक्षणाचा तळ. तिथे १९४८ च्या ऑक्टोबरात पहिली ग्रां प्री झाली आणि १३ मे १९५० ला फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यतही तिथेच. अमेरिकेत फ्लोरिडातलं सेब्रिंग हे बी-१७ विमानांच्या चालक-दलांचं प्रशिक्षण केंद्र. तिथली पहिली शर्यत ३१ डिसेंबर १९५० ची.

आपल्याकडे या गोष्टीचं मोठं नाव म्हणजे शोलावरम. मद्रासच्या उत्तरेला युद्धकाळातली एक धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिच्यावर शर्यती भरवायला सुरुवात केली आणि त्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालल्या. ऑटोक्रॉसचा हा थोरला भाऊ. इथे गाड्या एकत्र सुटायच्या आणि चाकाला चाक लावून पळायच्या. पण मुळात ती हौशी माणसांचीच जत्रा होती. फियाट, स्टँडर्ड हेराल्ड, घरच्या गॅरेजात जोडलेल्या फॉर्म्युला गाड्या, फटफटी आणि त्यांच्यामागे आलेली हजारो माणसं. विजय मल्ल्या ऐंशीच्या दशकात परदेशातून आणलेली एन्साइन ही खरी फॉर्म्युला वन गाडी तिथे पळवत, आणि त्याच पट्टीवर कोणी आपली रोजची फियाट सीट काढून, सायलेन्सर बदलून उतरवत असे. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्हाला हे सगळं जुन्या मासिकांतून कळलं. फोटोंत कडेला गवत, मागे ताडाची झाडं आणि मधे डांबराचा एवढा रुंद पट्टा, की गाड्या खेळण्यातल्या वाटाव्यात. धावपट्टीची रुंदी म्हणजे काय हे मला त्या फोटोंनी शिकवलं.

क्लबने पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेतली आणि १९९० साली ३.७ किलोमीटरचा ट्रॅक उभा केला. उसन्या जागेवर खेळ किती दिवस चालतो, याचं उत्तर शोलावरमने दिलं: खूप वर्षं चालतो, पण कायमचा नाही.

शेगावहून अकोल्याच्या पुढे गेलं की शिवणीची धावपट्टी लागते. तीही १९४३ सालचीच. तिच्या विस्ताराचा प्रश्न वर्तमानपत्रांत इतकी वर्षं येतो आहे, की वऱ्हाडात ती सगळ्यांना ठाऊक आहे. विमानतळावर गाड्या पळवू द्या असं मी म्हणत नाही. चालू विमानतळावर ते शक्यही नाही आणि योग्यही नाही. पण अशी सपाट, लांब, मोकळी पट्टी म्हणजे काय हे शेगावच्या वाचकाने डोळ्यांपुढे आणावं, म्हणून तिचं नाव घेतलं. महाराष्ट्रात आज धावपट्टीवर गाड्या पाहायच्या तर लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या खासगी पट्टीवर 'व्हॅली रन' भरते. ती मात्र सरळ रेषेतली ड्रॅग शर्यत आहे, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. तिथे इंजिनाची ताकद जिंकते. ऑटोक्रॉसमध्ये हात आणि डोळे जिंकतात, आणि माझं मन तिकडेच ओढ घेतं.

आता स्पर्धेचा दिवस कसा चालतो ते पाहू.

सकाळी पहिलं काम स्क्रूटिनी, म्हणजे गाडीची तपासणी. तपासणारा माणूस आधी बॅटरी हलवून पाहतो. ती क्लॅम्पने घट्ट बांधलेली नसेल तर गाडी परत. वळणावर सुटलेली बॅटरी बॉनेटला टेकली की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. मग जॅकवर चाक उचलून हाताने वरखाली, डावीउजवीकडे हलवतात. बेअरिंगमध्ये किंवा टाय-रॉडमध्ये खेळ असेल तर तो हाताला लगेच कळतो. चाकाचे नट पान्याने आवळून पाहतात. ब्रेकचं पेडल दाबून धरतात. ते हळूहळू खाली बसत असेल तर ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय. ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर जागेवर येतो का, सीटबेल्ट अडकतो का, हेही पाहतात. शेवटी गाडीतलं सगळं बाहेर काढायला लावतात: डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरची मूर्तीसुद्धा. मूर्ती काढताना लोक थोडे अडखळतात. पण पेडलखाली जाऊन बसलेली बाटली किंवा मूर्ती ब्रेक दाबू देत नाही, हे एकदा सांगितलं की स्वतःच उचलून रुमालात गुंडाळून ठेवतात.

यानंतरचा भाग नवखा माणूस नेहमी उरकतो आणि जाणता माणूस सगळ्यात जास्त वेळ देतो: पायी फेरी. गाडी सुरू करण्याआधी सगळ्या स्पर्धकांना आखलेल्या वाटेवरून चालू देतात. सराव म्हणून गाडी फिरवता येत नाही, त्यामुळे वाट डोक्यात बसवायची ती पायांनीच. धावपट्टीवर हे फारच महत्त्वाचं. रस्त्यावर आपल्याला वेगाचा आणि वळणाचा अंदाज येतो तो झाडं, खांब, कठडे, दुभाजक यांवरून. पंचेचाळीस मीटर रुंद पट्टीवर यातलं काही नसतं. साठच्या वेगाने जाणारी गाडी तिथे रांगतेय असं वाटतं. आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर समोरचे पन्नास कोन मिळून एक नारिंगी झुडूप दिसायला लागतं. वाट कुठून आत जाते आणि कुठून बाहेर, काही कळत नाही. म्हणून चालताना मधूनमधून उकिडवं बसून, सीटच्या उंचीवरून पाहायचं. उभे कोन म्हणजे वाटेची कड. त्यांच्या शेजारी आडवा पाडून ठेवलेला कोन दिशा दाखवतो, त्याचं टोक ज्या उभ्या कोनाकडे आहे त्याला कुठल्या बाजूने वळसा घालायचा ते सांगतो. पट्टी जुनी असली तर काँक्रीटचे सांधे, त्यांत उगवलेलं गवत, सुटी खडी, तेलाचा डाग हेही चालतानाच हेरून ठेवायचं.

प्रत्येक उभ्या कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकोन काढलेला असतो. गाडी घासली आणि कोन थरथरला, सरकला, पण चौकोनाच्या रेषेला कुठेतरी शिवून उभा राहिला, तर माफ. आडवा पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला, तर दंड. हा दंड बहुतेक ठिकाणी दोन सेकंदांचा असतो. पाऊण मिनिटाच्या फेरीत दोन सेकंद म्हणजे फार मोठा आकडा आहे. पहिल्या आणि पाचव्या नंबरात अनेकदा एवढाही फरक नसतो. आणि वाटेतलं एखादं दार चुकलं, म्हणजे दोन कोनांच्या मधून जायचं होतं ते न जाता बाहेरून गाडी गेली, तर काही ठिकाणी मोठा दंड आणि काही ठिकाणी फेरीच बाद.

फेरी सुरू होते ती घड्याळाच्या थोडी आधीच. गाडी सुटण्याच्या रेषेवरून निघते, काही मीटर पुढे इन्फ्रारेड किरणाची अदृश्य रेषा असते, ती तुटली की घड्याळ चालू. शेवटी दुसरा किरण तुटला की बंद. पूर्वी हे काम झेंडा आणि स्टॉपवॉचवर चालायचं. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते, आणि डोळ्यांनी पाहून अंगठा दाबायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात गाडी चार मीटर पुढे निघून गेलेली असते. म्हणून दोन-तीन माणसं दोन-तीन घड्याळं घेऊन उभी राहत आणि सरासरी काढत. त्यावरूनची वादावादी किरणाने संपवली.

पहिला गिअर, लगेच दुसरा, आणि मग शेवटपर्यंत दुसराच. गिअर बदलायला इथे हात मोकळा नसतो. समोर पाच कोन एका रांगेत, एकेकामध्ये पंधरा-सोळा मीटर. एकाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून असं नागमोडी जायचं. याला स्लॅलम म्हणतात. नवखा माणूस कोन शेजारी आला की स्टिअरिंग फिरवतो. तोवर उशीर झालेला असतो, गाडी प्रत्येक कोनामागे थोडी जास्त बाहेर फेकली जाते आणि चौथा-पाचवा कोन हातातून जातो. पहिल्या कोनाशेजारी असताना वळण दुसऱ्या कोनाचं सुरू झालेलं हवं आणि नजर तिसऱ्यावर हवी. आमच्या गावच्या एका मेकॅनिकने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: "भाऊ, पयले डोये वयव, मंग गाडी आपोआप वयते." ड्रायव्हिंगवरची पुस्तकं नंतर बरीच वाचली, पण यापेक्षा चांगली सूचना मला तरी सापडली नाही.

स्लॅलमनंतर समजा उजवीकडे मोठं वळण आहे. इथे थोडं गणित करू, कारण ते एकदा पटलं की माणूस आयुष्यभर वेगळी गाडी चालवतो. वळणावर गाडीला धरून ठेवते ती टायर आणि जमीन यांच्यातली पकड. चांगल्या कोरड्या काँक्रीटवर साध्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या सुमारे आठ दशांश धरा. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर या पकडीत गाडी जास्तीत जास्त ताशी ३९ किलोमीटरने जाऊ शकते. त्रिज्या वीस मीटर केली तर ४५. म्हणजे वळणात आतल्या कडेला चिकटून शिरण्याऐवजी बाहेरून आलं, मधे आतल्या कोनाला स्पर्श करण्याइतकं जवळ गेलं आणि पुन्हा बाहेर पडलं, तर त्याच वळणाची त्रिज्या वाढते आणि इंजिनात काहीही न बदलता सहा किलोमीटरचा वेग मिळतो. ऑटोक्रॉसमधली सगळी कारागिरी या एका गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला वापरली तर वळायला उरत नाही आणि वळायला वापरली तर ब्रेकला उरत नाही. म्हणून ब्रेक गाडी सरळ असतानाच पुरता मारून घ्यायचा, मग पाय उचलत उचलत वळायचं. आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. वळणात जास्त वेगाने शिरलं तर त्या फिरत नाहीत, स्टिअरिंग वळवलेलं असूनही सरळ पुढे घसरत जातात. घाबरलेला माणूस अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि टायर आणखी घसरतात. खरं तर स्टिअरिंग थोडं सैल सोडायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. वजन पुढच्या चाकांवर येतं, पकड परत मिळते, नाक आत वळतं. हे वाचून कळतं, पण अंगवळणी पडत नाही. ते पडायला गाडी एकदा तरी खरोखर घसरावी लागते, आणि ती घसरावी अशा जागी, जिथे समोर फक्त प्लास्टिकचा कोन आहे.

ऊन हाही आमच्याकडे एक स्पर्धक असतो. टायरमधली हवा दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआय वाढते. सकाळी आठला भरलेली हवा दुपारी दोनला वऱ्हाडच्या उन्हात कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून जाणते लोक प्रत्येक फेरीनंतर हवा मोजतात. एक सोपी युक्ती आहे: टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग आणि बाजू जिथे मिळतात तिथे, खडूचा आडवा पट्टा ओढायचा. फेरीनंतर खडू बाजूपर्यंत पुसला गेला असेल तर टायर वळणात कलंडतोय, हवा वाढवा. खांद्यावर खडू तसाच राहिला असेल तर थोडी कमी करा.

फेऱ्या साधारण तीन-चार मिळतात आणि त्यांतली सगळ्यात चांगली धरतात. बाकीच्या वेळात स्पर्धक गाडीजवळ सावलीत बसत नाही. चांगल्या क्लबांमध्ये तो वाटेच्या कडेला मार्शल म्हणून उभा राहतो. हातात लाल झेंडा. पडलेला कोन धावत जाऊन चौकोनात परत उभा करायचा, किती पडले ते वॉकीटॉकीवर कळवायचं, आणि काही गडबड दिसली तर झेंडा वर करून फेरी थांबवायची. हे काम मी बऱ्याचदा केलं आहे आणि ते मला गाडी चालवण्याइतकंच आवडतं. कडेला उभं राहिलं की दुसऱ्याच्या चुका इतक्या स्वच्छ दिसतात, की पुढच्या फेरीला आपण वेगळं चालवतो.

धावपट्टी नसेल तर आपल्याकडे मातीवर ऑटोक्रॉस होतात. नाशिक, पुण्याकडे मातीवरच्या शर्यतींची जुनी सवय आहे. नाशिकने रॅली ऑफ महाराष्ट्रही पाहिली आहे आणि पुण्याचे संजय टकले मातीवरूनच आशियाभरच्या रॅलींपर्यंत गेले. मातीवर पकड कमी, म्हणून तेच पंधरा मीटरचं वळण तिथे ताशी तीसच्या आसपासच घेता येतं. घसरणं लवकर सुरू होतं, पण हळू होतं, त्यामुळे शिकायला माती चांगली. अडचण वऱ्हाडात आहे. आमची काळी कापसाची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पावसात तिच्यावर गाडी रुतते, मे महिन्यात भेगेत चाक अडकतं. इथे ट्रॅक करायचा तर काळी माती काढून मुरूम टाकून रोलर फिरवल्याशिवाय पर्याय नाही.

याच खेळाची एक वेगळी पिढी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तयार होते आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः आखून, वेल्डिंग करून बांधलेल्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांच्या स्पर्धा आता भारतात नियमित होतात. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी 'फॉर्म्युला भारत' त्यांतली एक. त्यात ७५ मीटरची सरळ धाव, आठच्या आकाराची फेरी आणि लांब पल्ल्याची धाव यांच्याबरोबर ऑटोक्रॉस ही स्वतंत्र परीक्षाच असते. कोन पाडला तर दोन सेकंद, वाट सोडली तर दहा. गाडी कागदावर कितीही हुशार असली तरी ती वळते की नाही हे इथे कळतं.

आता मुद्द्याचं. बायपासवर रात्री फटफटी आणि गाड्या पळवणारी पोरं प्रत्येक तालुक्याला आहेत. त्यांना शिव्या देऊन आजवर काही झालेलं नाही. ताशी साठवरून कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी थांबायला सुमारे १८ मीटर लागतात, एकशेवीसवरून ७१, आणि ब्रेकवर पाय जायच्या आधीच निघून गेलेलं अंतर वेगळं. हे आकडे व्याख्यानात ऐकून कोणी हळू चालवत नाही. आपली गाडी आपण समजतो त्यापेक्षा किती लांब जाऊन थांबते, हे मोकळ्या मैदानात स्वतःच्या पायाने अनुभवलेला मुलगा मात्र बायपासवर वेगळा वागतो. हे मी पाहिलं आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. भारतात या खेळाची मान्यताप्राप्त संस्था म्हणजे १९७१ साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया. तिच्याशी जोडलेल्या क्लबामार्फत परवानगी, पोलिसांना पत्र, मैदानावर रुग्णवाहिका आणि आग विझवायची साधनं, विमा, आणि मुरूम घातलेलं एखादं मोठं मैदान. खामगाव, अकोला, शेगाव या पट्ट्यात गाड्यांची हौस आहे, गॅरेजं आहेत, अभियांत्रिकीची मुलं आहेत; असं एक मैदान मात्र नाही. नगरपालिका, महाविद्यालयं आणि इथले गॅरेजवाले एकत्र बसले तर ते होण्यासारखं आहे, आणि त्यांनी बसावं.

तोवर ज्याला हौस आहे त्याने नाशिक-पुण्याकडच्या पुढच्या स्पर्धेची तारीख काढावी, आणि पहिल्यांदा जाताना गाडी न नेता मार्शल म्हणून नाव द्यावं. कोन उभे करायला माणसं नेहमीच कमी पडतात.